आक्रसलेलं दार

"टाचा टेकव! अरे, टाचा!" तोफ ओरडला.

"टेकवल्यात!" पिटू भिंतीला पाठ घासत म्हणाला.

"मग मोज्यांत काय कोंबलंयस?"

पिटूने मुकाट्याने दोन्ही मोज्यांतून घडी केलेले रुमाल काढले. उंची होती तिथेच परत आली.

तोफचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा, म्हणून तो तोफ. त्याची मोठी बहीण भिंग. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटायची नाही. पिटू त्यांचा आतेभाऊ, सुट्टीत मामाकडे राहायला आलेला. वर्गात त्याला 'दीडफुट्या' म्हणायचे, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

भिंगचं लक्ष मात्र वेगळीकडेच होतं. रुमालाची घडी करताना पिटूची बोटं थरथरत होती. गेले काही दिवस त्याला धड झोपही लागत नव्हती.

"पिटू, उशीखाली काय लपवलंस?"

"काही नाही!"

तोफने उशी उचलली. खाली बाटली होती. गगनझेप! उंची वाढवणारं टॉनिक.

"मामांनीच दिलंय," पिटू घाईघाईने म्हणाला.

"रोज एक चमचा घ्या, असं लिहिलंय. तू किती घेतोस?" भिंगने विचारलं.

"चार. शाळा सुरू व्हायच्या आत वाढायचंय मला."

"आणि हात का थरथरतात?"

"उंची वाढताना होत असेल तसं."

भिंगने बाटली सरळ आपल्या पिशवीत टाकली आणि ती दोघांना घेऊन बाबांच्या औषधांच्या दुकानात गेली. दाराशीच गगनझेपचा भला मोठा फलक उभा होता. त्यावर एकाच मुलाचे दोन फोटो. 'आधी' मध्ये तो दाराच्या कडीपाशी पोचत होता. 'नंतर' मध्ये त्याचं डोकं पार वरच्या बिजागरीला टेकलं होतं. खाली ठळक अक्षरं: फक्त तीन महिन्यांत!

"बाबा, हे टॉनिक खरंच चालतं का?" भिंगने विचारलं.

"न चालायला काय झालं? टीव्हीवर दिवसातून दहा वेळा दाखवतात. एवढी मोठी कंपनी खोटं कशाला बोलेल?" बाबा सुट्टे पैसे मोजत म्हणाले. "जा बरं, गिऱ्हाईक उभंय."

गिऱ्हाईक म्हणजे एक बाई. त्या फलकाकडे बघत शेजारी उभ्या मुलीला म्हणत होत्या, "बघ, हा किती वाढला! नाहीतर तू!" मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती.

भिंग फलकासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

"काय गं, तप करतेयस का?" तोफने विचारलं.

"याच्या गुडघ्यावरची खपली बघ. आधीही आहे, नंतरही आहे. तीन महिने खपली टिकते?"

"माझी तर तीन दिवस टिकत नाही. मी खरवडतो!"

"आता फरशा बघ. आधीच्या फोटोत दाराची रुंदी चार फरशांएवढी. नंतरच्या फोटोत तीन." भिंगने आवाज खाली आणला. "मुलगा वाढलेलाच नाही. दार आक्रसलंय!"

पिटूचा चेहरा पडला. "नाही! फोटो खोटा कसा असेल?"

"ही कोपरा तुटलेली फरशी ओळखलीस, तोफ? शाळेच्या ओळखपत्राचे फोटो काढायला कुठे गेलो होतो आपण?"

"फोटोवाले काका!"

स्टुडिओत तोफने फोटोवाल्या काकांना असं काही गुंतवलं की विचारू नका! "काका, माझं नाक वाकडं दिसतंय! काका, मी हसू की नको? काका, शिंक येतेय!" तेवढ्यात भिंग आणि पिटू पडद्याआड सटकले.

तिथे भिंतीला टेकून दोन दारं उभी होती. एकच रंग, तशीच कडी, तशीच बिजागरी. एक मोठं, एक छोटं.

पिटू छोट्या दारापाशी जाऊन उभा राहिला. समोरच्या आरशात एक उंच मुलगा दिसला. क्षणभर त्याचे डोळे चमकले. मग त्याने हळूच दाराला हात लावला. नुसतं प्लायवूड होतं! त्याचे डोळे भरून आले.

"मी रोज तेवढं कडू प्यायलो," तो पुटपुटला.

"कोण आहे तिथे?"

दोघं दचकले. पडदा बाजूला सारून फलकावरचाच मुलगा आत आला होता! उंचीला थेट पिटूएवढा.

आता हा फोटोवाल्या काकांना हाक मारणार! भिंगने श्वास रोखला. पण मुलाची नजर पिटूच्या थरथरत्या हातांवर खिळली होती.

"तू ते खरंच पितोस?" त्याने घाबरून विचारलं. "मी तर एक थेंबही घेतलेला नाही. शाळेत सगळे विचारतात, एवढं टॉनिक पिऊन तू बुटका कसा? फोटो काढणारे माझे बाबाच म्हणतात, जाहिरातीत एवढं चालतंच." मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय करायचंय तुम्हाला? लवकर करा!"

भिंगने आईचा मोबाइल बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा एजंट दुकानासमोर टेबल मांडून बसला. गर्दी जमली. तेवढ्यात तिघांनी शेजारीच आपला फलक टांगला. त्यावर पिटूचे दोन फोटो. आधी: मोठ्या दारापाशी. नंतर: छोट्या दारापाशी. खाली लिहिलं होतं: 'दोन मिनिटांत उंची वाढली! औषध: एक पेला पाणी.'

गर्दी तिकडे वळली.

"पाणी? कुठलं पाणी?" एका काकांनी विचारलं.

"बाटली केवढ्याला? दोन द्या!" मागून आवाज आला.

"आधी मला! मी आधी आलेय!" कालच्या बाई पुढे घुसल्या.

तोफला हसू आवरेना. "अहो, नळाचं पाणी आहे!"

"नळाच्या पाण्याने कुणाची उंची वाढते का?" एजंट खेकसला.

"नाही ना?" भिंग शांतपणे म्हणाली. "मग आमचा फोटो खोटा आहे. आणि तुमचा?"

तिने खपली दाखवली, फरशा मोजून दाखवल्या. एजंटने फलक उचलायची घाई केली, पण गर्दीतून फोटोवाल्या काकांचा मुलगा पुढे आला आणि आपल्याच फोटोशेजारी उभा राहिला. तो तर अजून पिटूएवढाच होता. मग एकच गलका उठला! त्या गलक्यात एजंटने टेबलही तिथेच टाकून काढता पाय घेतला.

बाबांनी स्वतः तो फलक दुकानाबाहेर काढला, बाटल्या खोक्यात भरल्या आणि ते पिटूला घेऊन तडक डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पिटूला तपासलं, बाटली ठेवून घेतली आणि बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. टॉनिक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पिटूच्या हातांची थरथर गेली. बाटलीच्या तपासणीत साखर, रंग आणि झोप उडवणारं एक औषध निघालं. डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली आणि टीव्हीवरची ती जाहिरात बंद पडली. फोटोवाल्या काकांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

"शाबास, पोरांनो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी फोटो बघितला. नीट बघितलात तुम्ही."

बाबांनी पिटूला जवळ घेतलं. "चुकलं माझं. तुझ्या हातात बाटली देण्याआधी तुला विचारायला हवं होतं, बाळा, तुला काय खुपतंय."

पिटू मामाच्या कुशीत शिरला. तसाच बसून राहिला.

आठवड्याने दुकानात साबणाचा नवा फलक आला. बाबांनी तो टेबलावर पसरला. "लावण्याआधी तिघांनी एकदा तपासता का रे?"

तिघांची डोकी फलकावर वाकली. पहिला आवाज पिटूचा आला.

"मामा, एवढा फेस तोंडावर असताना ही बाई डोळे उघडून हसतेय कशी?"