आजोबांचा खोकला वाढला तेव्हा

सिगारेट ओढली की खोकला येतो, हे कोणीही सांगेल. पण सिगारेट सोडल्यावर खोकला वाढला तर?

माझ्या आजोबांचं नेमकं तसंच झालं. आजोबा म्हणजे डॉ. दिनानाथ केळुसकर. चांद्रतळावरच्या (चंद्रावरच्या माणसांच्या वस्तीच्या) सौरपट्ट्यांवर साचणारी धूळ झटकणारी यंत्रं त्यांनीच बनवली. एवढा हुशार माणूस, पण चाळीस वर्षं सिगारेट काही सुटत नव्हती. शेवटी माझ्या अकराव्या वाढदिवसाला मी भेट म्हणून त्यांनी ती सोडावी, हेच मागितलं.

"दुसरं काहीतरी माग ना गं," ते म्हणाले. मी हट्ट सोडला नाही आणि त्यांनी शब्द दिला.

त्याला आता सतरा दिवस झाले होते. आधी आजोबा फक्त सकाळी खोकायचे. आता जेवताना, बोलताना, दिवसभर खोकत होते. शिवाय चिडचीड होतीच. हट्ट माझा, म्हणजे त्यांना मीच आजारी पाडलं, असं वाटून मला रडूच फुटलं.

मग मी एक मूर्खपणा केला. जुन्या दुर्बिणीच्या पेटीत त्यांची एक सिगारेट राहून गेली होती. ती मी त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"आजोबा, मी तुम्हाला शब्दातून मोकळं केलं. ओढा ही, पण बरे व्हा."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात पुढे आला.

"ताई, थांबा. डॉक्टरांनी परवाच त्यांना तपासलंय, नवा आजार काही नाही. आधी हे बघा," ढेमसे म्हणाला. ढेमसे हा आमचा यंत्रमानव. गोल आणि हिरवा आहे, म्हणून मीच त्याचं हे नाव ठेवलं. त्याने भिंतीवर एक चित्र सुरू केलं. गुलाबी नळीच्या आत बारीक केस वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे हलत होते.

"या पक्ष्माभिका (श्वासनलिकेतले अतिसूक्ष्म केस)," ढेमसे म्हणाला. "श्वासातली धूळ..."

"अरे, असं नाही सांगायचं!" समजावून सांगायचं म्हटलं की आजोबांना राहवत नाही. सिगारेटकडे गेलेला हात भिंतीकडे वळला. "हे बघ बाळ. श्वासाबरोबर धूळ आत येते आणि नळीतल्या चिकट कफात अडकते. हे केस तो कफ सतत वर, घशाकडे ढकलतात."

"आणि सिगारेट ओढली की?"

"धुराने ते लुळे पडतात. काही तर नष्टच होतात. मग घाण आतच साचते. ओढणं थांबवलं की ते हळूहळू पुन्हा वाढतात, कामाला लागतात आणि साचलेली घाण..." आजोबा एकदम थांबले. "अगं, तीच बाहेर येतेय! चंद्रावरची धूळ झाडत बसलो आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"म्हणजे तुम्ही बरे होताय?"

"होतायत," ढेमसे म्हणाला. "असा खोकला काही आठवडे राहू शकतो. त्याहून लांबला, धाप लागली किंवा रक्त पडलं, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जायचं. आणि चिडचीड होते ती मेंदू निकोटीन (तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य) मागतो म्हणून. तीही कमी होईल."

"मग सगळं पहिल्यासारखं होईल?"

ढेमसे खोटं बोलत नाही. "सगळं नाही, ताई. फुप्फुसांचं काही नुकसान तसंच राहील. पण हृदयविकाराचा सिगारेटमुळे वाढलेला धोका वर्षभरात जवळपास निम्मा होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका निम्म्यावर यायला मात्र दहा वर्षं लागतात."

मी मनात हिशेब केला. "तेव्हा मी एकवीस वर्षांची असेन."

आजोबांनी सिगारेट उचलली. त्यांनी तिचे दोन तुकडे करून ते माझ्या हातात दिले.

"एकवीस," ते म्हणाले. "तेव्हा तू मला काहीतरी नवं शिकवायचं. मी समोर बसून ऐकणार आहे."

पुढे ते काही बोलणार, तोच खोकल्याची मोठी उबळ आली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"खोका आजोबा, चांगलं खोका," मी म्हणाले. सतरा दिवसांत पहिल्यांदाच मला भीती वाटत नव्हती.