उजव्या हाताचा मोजा

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत नेहमीसारखाच अंधार होता. धाकटी, म्हणजे प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान पोर, सवयीने स्टुलावर बसली... आणि स्टूल म्हणालं, "अहो, मी आहे इथे!"

ती ताडकन उठली. यंत्र सांभाळायला नुकताच आलेला भिंगवाला होता तो. ओळख व्हायला लोकांना महिने लागतात; या दोघांनी ती एका बैठकीत उरकली.

"हे हिरवं काय चमकतंय?" तिच्या पेशी बघत त्याने विचारलं.

"विषाणूची लबाडी शोधतेय. तो पेशीत आरएनएचे चिटुकले तुकडे सोडतो. जनुकाकडून निघालेल्या निरोपांना ते चिकटतात. निरोप निघतो, पण वाचलाच जात नाही. मग धोक्याची घंटा वाजवणारं प्रथिन बनतच नाही."

"म्हणजे घरात शिरायचं आणि घरच्यांचीच तोंडं बंद करायची! जावई दिसतोय."

ती खुदकन हसली. "त्या घंटेच्या जनुकाला आम्ही हा हिरवा दिवा जोडलाय. विषाणूचा आरएनए टाकला की विझायला हवा. उद्यापासून टाकून बघणार. पुढच्या सोमवारपर्यंत विझला नाही, तर आमच्या प्रमुख बाई माझं काम बंद करणार."

तेव्हापासून भिंगवाला रोज तिच्या टेबलाशी येऊन सांगू लागला, "यंत्र मोकळं आहे हं." फोन होता, पण फोनवर चेहरा कुठे दिसतो?

धाकटी मात्र पार गोंधळली. तिने पेशी बदलल्या, द्रव बदलले. दिवे आपले लख्ख. पेशी अशा का वागतात ते कळेना, आणि पावलं वाजली की आपण अशा का वागतो, तेही.

शुक्रवारी तो घुटमळला. "एक सांगू? मी आलो की तुम्ही उजव्या हाताचा मोजा काढता, केस कानामागे सारता... आणि मोजा विसरून तसंच काम करता."

तिने चटकन आपल्या उघड्या बोटांकडे पाहिलं. उघड्या बोटांवरचं एन्झाइम आरएनए फस्त करतं, हे इथे पहिल्याच दिवशी शिकवतात!

"रोज?"

"रोज. बघतो ना मी..."

"उद्या येऊ नका," ती पुटपुटली.

"बरं," तो इतक्या गरिबासारखा म्हणाला, की तिला हाक मारावीशी वाटली.

शनिवारी तो आला नाही. मोजा हातातून निघालाच नाही. सगळे दिवे विझले! ज्या अंधारासाठी जीव टाकला, तो समोर होता. तरी तिची नजर दाराकडेच.

सोमवारी बाईंच्या बैठकीत सगळ्यांसमोर पडद्यावर चित्रं दाखवायला भिंगवालाच बसला होता.

"शनिवारी काय बदललं?" बाईंनी विचारलं.

द्रव खराब होता असं सांगून सुटता आलं असतं. पण मग चांगला द्रव फेकला गेला असता, आणि खरं कारण तसंच राहिलं असतं.

"बाई... इतर दिवशी मी मोजा काढत होते."

"का?"

"हे आले की... केस नीट करावेसे वाटायचे."

खोलीत कोणीतरी खोकलं. धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाईंनी चष्मा काढला.

"काम चालू ठेव. मोजे घालून." मग त्या भिंगवाल्याकडे वळल्या. "आणि तू रोज कशाला जायचास? यंत्र मोकळं असलं की दारावर पाटी असते ना?"

तो उठून उभा राहिला. बघत होता मात्र धाकटीकडे.

"पाटी मीच काढून ठेवली होती, बाई. नाहीतर हिच्यापर्यंत जायला... निमित्त काय उरलं असतं?"