सांसखोराची बदललेली पानं

भद्रावतीच्या बसस्टँडसमोर गफ्फारची टपरी होती. अर्ध्या टपरीत तो किताबांच्या जिल्दी बांधायचा, उरलेल्या अर्ध्यात हिंदी कॉमिक्स भाड्यानं द्यायचा. माणूस भलता नेटका. पोरं कॉमिक्स अशी वापरायची की शेवटची पानं हमखास गळायची. गफ्फार मग ती वाचलेल्या पोरांना गोष्ट विचारायचा, कोऱ्या कागदावर लिहायचा आणि पान आत शिवून टाकायचा. चित्र काढायची त्याची अकरा वर्षांची लेक, अदीबा.

हे शहाण्णव सालचं. तेव्हा पोरांना वेड होतं सांसखोराचं. हा धुराचा राक्षस माणसांचा दम ओढून घ्यायचा. पाणी पडलं की विझायचा, त्यामुळे दर अंकाच्या शेवटी हीरो त्याच्यावर पाणी ओतायचा आणि पोरं टाळ्या पिटायची. अदीबा तेवढी गप्प बसायची. तिला स्वतःलाच दमा होता.

"अब्बू, त्याले हरवेळी काऊन मारते?" तिनं एकदा विचारलं.

"लोकायचा दम खाते ना तो."

"त्याले कोणी घरी बोलावत नाई, म्हून खाते."

पुढचं पान गळलं तेव्हा तिनं त्याला मारलंच नाही. गावच्या तळ्याच्या पायरीवर एकटा बसवला, रडताना. घाईत डाव्या हाताला सहा बोटं पडली. गफ्फार हसला आणि त्यानं पान शिवलं.

दोन महिन्यांनी एसटीच्या पार्सलातून दिल्लीत छापलेला नवा अंक आला. सांसखोर पायरीवर बसून रडत होता. तळं तेच होतं. गफ्फारनं बोटं मोजली. सहा.

त्यानं स्वतःची समजूत घातली की दिल्लीचा चित्रकारही माणूसच आहे, चुकतो. पण त्यानंतर अदीबानं चित्रात सांसखोराला छत्री दिली, पुढच्या अंकात छत्री आली. तिनं मांजर दिलं, मांजर आलं. शेजारची रिंकू, अदीबाच्या वर्गातली, अंक छातीशी धरून म्हणाली, "चाचा, आता तो चांगला होऊन राह्यला." गफ्फारनं बायकोला, मलिकाला, यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं?

थंडीत अदीबा अंथरुणाला खिळली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी औषधं बदलली आणि शेवटी नजर चुकवली. रात्रंदिवस तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. लेक जगावी, एवढंच गफ्फारला हवं होतं. त्यासाठी शहाणपण गहाण टाकायलाही तो तयार झाला.

एका दुपारी त्यानं टपरीचं फळकूट ओढून घेतलं आणि कोरा कागद मधोमध दुमडला. चित्रकला कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हतं, तरी त्यानं दोन चित्रं काढली. एकात सांसखोर मुलीचा दम घेतो. दुसऱ्यात त्याला दया येते, तो दम परत देतो, मुलगी हसते. दोन्ही चित्रांतल्या मुलीच्या भुवईवर त्यानं अदीबाच्या भुवईवरची खूण काढली. मग पान अंकात शिवलं.

आठवड्यात पोरगी उठून बसली. भात मागितला. महिन्यानं टपरीवर येऊन रिंकूशी भांडलीसुद्धा. मलिकानं दर्ग्यावर चादर चढवली.

फेब्रुवारीत पार्सल आलं. गफ्फारनं उभ्याउभ्याच शेवटची पानं उघडली. डाव्या पानावर सांसखोर दम परत देत होता, मुलगी हसत होती. तो सुखावला. मग नजर उजव्या पानावर गेली.

तिथं सांसखोर मुलीचा दम घेत होता. खाली 'समाप्त'.

त्यानं आपलं शिवलेलं पान काढून पाहिलं. तेही तसंच होतं. सारा जन्म मदरशाच्या उर्दू किताबा बांधण्यात गेला, त्या उजवीकडून सुरू होतात. हातानं सवयीनं पहिलं चित्र उजवीकडे काढलं होतं आणि दुसरं डावीकडे. हिंदी वाचणारा डावीकडून वाचतो.

तो चपला न घालता धावला. मलिका दारातच बसली होती. "आत्ताच," ती म्हणाली. "हसता हसता गेली जी."

त्यानंतर त्यानं कितीतरी पानं शिवली. छापून एकही आलं नाही.

सांसखोर मात्र बदलत गेला. तो हीरोचा दोस्त झाला, बुडणाऱ्यांना वाचवू लागला. पोरं त्याच्यावर जीव टाकू लागली. त्याच्या मागं एक मुलगी दिसायची, पाठमोरी, दर अंकात थोडी जवळ. दम आता ती घ्यायची.

वर्ष भरत आलं तेव्हाच्या अंकात मागच्या पानावर तिची ओळख छापली होती. ती समोर बघत होती. भुवईवर खूण होती.

ताकद : दम घेणे.

कमजोरी : बापाने नावाने हाक मारली, तर कायमची विझते.

गफ्फारनं चित्रावरून बोट फिरवलं. वर्षानंतर लेकीचा चेहरा दिसला होता. तो ढसाढसा रडला. त्या दिवसापासून तिचं नाव त्यानं ओठांवर आणलं नाही.

त्याच आठवड्यात रिंकूला खोकला लागला. साधा खोकला असेल, असं सगळेच म्हणाले. गफ्फारही म्हणाला.

लेक जाऊन वर्ष झालं, त्या बरसीला दुपारी मौलवीसाहेब घरी आले. दुआसाठी त्यांनी हात उचलले आणि विचारलं, "भाई, बच्चीचं नाव?"

भिंतीपलीकडे रिंकू खोकत होती. मध्येच थांबायची, मग शिट्टीसारखा आवाज यायचा. गफ्फारला तो आवाज ओळखीचा होता.

"अजी, नाव घ्या ना," मलिका म्हणाली.

त्यानं भिंतीकडे पाहिलं.

"बापानंच घ्यावं म्हनते. घ्या ना जी."

गफ्फारनं डोळे मिटले. ओठही मिटले, दात दातांवर घट्ट दाबले.

मौलवीसाहेब वाट पाहत राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडचा खोकला थांबला, मग शिट्टीही थांबली.