तांबं टाकणारा चोर

एप्रिलचं ऊन केशोरीच्या तलावावर सांडलेलं, पाळीवर पळसाची विरळ सावली, आणि त्या सावलीत एक अनोळखी तरुण... केबल सोलत बसलेला!

नूतन थबकली. मागल्या महिन्यातच चोरांनी तिच्या घरच्या विहिरीवरल्या मोटरची केबल कापून नेली होती. बाबांनी कशीबशी दुसरी टाकली. उन्हाळी धान पोटरीत आलेलं. आता पाणी तुटलं तर सारं पीक हातचं जाणार. तिनं विळा घट्ट धरला.

"कोणाची केबल सोलून राहिला गा?"

तो दचकला. "माझीच आहे."

"चोरही असाच म्हणते."

"चोर असा भरदुपारी बसते का?" त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "मी हिमांशु, चिचगडचा. नागपूरला केबलच्या प्लास्टिकवर संशोधन करतो. पाणी नि वीज एकत्र आली की प्लास्टिकात बारीक भेगा फुटतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. मग वीज गळते. म्हणून आम्ही त्यात मातीचे कण कालवतो, केसाहून कितीतरी बारीक. भेग कणाशी अडते. तलावात भिजत घातलेल्या केबलचे तुकडे काढून तेच बघतोय."

"प्लास्टिकात माती? मले येडी समजून राहिला का?"

"शपथ..."

"शपथ नोको घेऊ. मी रोज येईन पाहाले."

आणि ती आली. रोज. कधी गवताचा भारा घेऊन, कधी नुसतीच, ओढणीचं टोक दातात धरून.

"सापडला का चोर?" तो विचारी.

"समोरच बसून हाय!"

एका सकाळी मोटर मुकी झाली. धानाच्या बांधीतलं पाणी आटू लागलं. पुन्हा केबलच चोरीला गेली असणार! नूतन तडक पाळीवर आली. हिमांशुची पिशवी उचलून तिनं उपडी केली...

आत काळ्या साली. फक्त साली! एकेक सुती दोऱ्यानं जपून बांधलेली. आणि तांब्याच्या तारा? त्या पळसाखाली उन्हात लखलखत पडल्या होत्या, कुणीही उचलाव्या अशा.

चोर साल जाळतात, तांबं नेतात. हा तर साराच उलटा!

"तांबं काऊन फेकलं?"

"तांब्याचं काय करू? माझा जीव सालीत आहे." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

तो तिच्यासोबत विहिरीवर गेला. बाबांनी खांबावरचा फ्यूज काढला. केबल वर ओढली, तर विहिरीच्या दगडावर घासून तिची साल फाटलेली. हिमांशु धावतच पाळीवर गेला. मग तलावात महिनोन्‌महिने भिजवलेली आपली अख्खी केबल तो काढून घेऊन आला.

"हे तर तुझ्या परीक्षेचं..." नूतन पुटपुटली.

"परीक्षा आता तुमच्या विहिरीत होईल."

मोटर गुरगुरली. पाटातून पाणी खळखळत धानाकडे निघालं. बाबा पाण्यामागं गेले.

नूतननं डोळे बारीक केले. "मंग आता तू इथं येत राहशील?"

"केबल तपासायला."

"खोटं बोलून राहिला."

तो लालबुंद झाला. "हो... खोटं."

तिनं विळा बांधावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाली,

"मीही काही केबल राखाले नव्हती येत."