दोर मोकळा हाय

बसा रं. माऊली, तो मोबाईल आधी खिशात घाल. काय दाखवत होतास पोरांना, निवळीची घळ? "सोपी हाय, लहान पोरंबी जातात," असं कोण म्हणतंय त्यात? म्हणणाऱ्याचं तोंड दिसतंय का? न्हाई ना. नुसता आवाज.

मघाशी तुम्ही सावळारामच्या दारात गेला होता. "दादा, घळ कशी हाय, घरच्यांना न्यावं का?" एवढंच विचारलं आन् त्यानं तोंडावर दार लावलं. राग आला असंल. येणारच. पर त्यानं दार का लावलं ते ऐका. मग पहाटं जायचं तर खुशाल जा, मी गाडीपुढं आडवा पडणार न्हाई. ती कांद्याची पाटी सरकव जरा, पाय पसरू दे.

हा सावळाराम तवा कारेगावात खोली घेऊन राहायचा. कंपनीत सेफ्टीच्या खात्यात. हेल्मेट घातलं का, बेल्ट बांधला का, शिडी कुणी धरली का, दिवसभर हेच बघायचं काम. घरी आला तरी खोड जाईना. बायकोनं, स्वप्नालीनं, दूध उतरवलं की हा विचारणार, "गॅसचं बटण बंद केलं का?" ती बिचारी हसायची. सुट्टीला कंपनीतल्या पोरांना डोंगरात न्यायचा, पर नेण्याआधी स्वतः जाऊन बघून यायचा. पाय कुठं घसरतो, दोर किती लागतो, अंधार कवा पडतो. मग ग्रुपवर टाकायचा, सोपी, मध्यम नाहीतर अवघड. त्याच्या शब्दावर लोक कडेवरची पोरं घेऊन निघायची.

गेल्या साली ह्याच घळीचं ठरलं. पुढच्या रविवारी सगळे बायकापोरांसकट जाणार, आन् स्वप्नाली पहिल्यांदाच येणार. म्हणून आदल्या शनिवारी हा बघायला निघाला. मार्गशीर्षातली अवस होती. त्याच्या ध्यानातबी नव्हतं. सेफ्टीच्या तक्त्यात अवस नसती.

संगं त्याचा मेव्हणा, स्वप्नालीचा भाऊ साई. तळेगाव ढमढेऱ्याचा, फ्लॉवरचं पोतं एका हातानं टेम्पोत टाकणारा गडी. आईला लेक एवढा एकच. आळेफाट्याला मिसळ खाल्ली, पुढं टायर पंक्चर झाला, आन् डोंगराखालच्या वाडीत गाडी लावून घळीत शिरायला दुपार कलली.

घळ म्हंजी कशी? दोन्ही अंगाला उभे कडे, वर आभाळाची चिंधी, पायाखाली गार पाणी. आन् सारखी वळणं. चार पावलं पुढं गेलेला माणूस दिसत न्हाई, नुसता ऐकू येतो. मधीमधी खडक तुटलेला. तिथं दोरावरनंच उतरायचं, टप्प्याटप्प्यानं.

त्यासाठी सावळारामचा नियम होता. वरच्यानं दोर धरायचा, दुसऱ्यानं उतरायचं. खाली पाय टेकला की त्यानं ओरडायचं, "दोर मोकळा हाय!" ते ऐकल्याबिगर वरच्यानं हात ढिला करायचा न्हाई. मग वरच्यानं विचारायचं, "कसं हाय?" आन् खालच्यानं सांगायचं, सोपं का अवघड. नियम चांगलाच होता. कंपनीत तसल्या नियमानं माणसं वाचलेली त्यानं डोळ्यांनी बघितली होती.

पहिल्या टप्प्यावर दोन दगड ठेवलेले. तळहाताएवढे, एकावर एक. दुसऱ्या टप्प्यावरबी तसेच दोन.

"दाजी, हे काय देवाचं हाय का?" साईनं विचारलं.

"गुराख्यांचा खेळ असंल. चल, उजेड हाय तवर उरकू."

तिसरा टप्पा मोठा निघाला. तिथंबी दोन दगड. खाली बघितलं तर काळोख. सावळारामनं बॅगेतनं पिवळी-काळी पट्टी काढली, कंपनीत जमिनीवर चिकटवतात ती, आन् दोनातल्या एका दगडाला गुंडाळली. दगड टाकला की आवाजावरनं खोली कळती, आन् खाली उतरल्यावर तो कुठं पडला ते पट्टीमुळं दिसतं. त्याची ही नेहमीची पद्धत. साईनं दगड सोडला.

दोघं कान देऊन थांबले.

आवाज आलाच न्हाई.

"चिखल असंल," सावळाराम म्हणाला. तिथनंच माघारी फिरला असता तर… जाऊ द्या.

साईनं बेल्ट आवळला. "घट्ट धरा बरं का दाजी. आईला सांगून आलोय, रात्री जेवायला घरी हाय म्हणून." हसला, आन् कडेवरनं दिसेनासा झाला.

सावळारामनं दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, खडकाला पाय लावून बसला. दोर हळूहळू सरकत होता. सरकता सरकता थांबला. आन् खालनं हाक आली.

"दोर मोकळा हाय!"

साईचाच आवाज.

"कसं हाय?"

"सोपं हाय दाजी. सोडा!"

दोराला अजून वजन होतं. हाताला ते कळत होतं. पर कानानं ऐकलं होतं ना! त्यानं हात ढिला केला.

दोर सर्रकन पळाला. तळहाताची साल घेऊन गेला. आन् मग साई ओरडला… खरा साई.

"दाजी! धरा! धरा…"

आवाज मधनंच येत होता. अधांतरी.

मग हाड फुटल्याचा आवाज. एकदा खडकावर. पार खाली पुन्हा एकदा.

मग काहीच न्हाई…

"साई! ए साई!"

खालनं उत्तर आलं. मघाच्याच हसऱ्या आवाजात.

"सोपं हाय दाजी. या."

आन् दोर ताणला. कुणीतरी खालनं ओढत होतं.

पहिल्या झटक्याला सावळाराम तोंडावर आपटला. दोन दात तुटले. तसाच फरफटत कडेकडं चालला. खडकात नखं रुतवली. नखं निघाली. दुसरा झटका. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. एक पाय कडेबाहेर गेला. चाकू बॅगेत, बॅग मागं राहिलेली. हाताला तो उरलेला दगड लागला. दोर तोडायला त्यानं जीव खाऊन दगड हाणला. नेम चुकला. दगड खडकावर बसला.

टक्.

ओढ थांबली.

त्यानं श्वास घेतला… पुन्हा ओढ. त्यानं पुन्हा खडकावर दगड हाणला.

टक्… थांबली.

कमरेची गाठ आवळून बसली होती, सोललेल्या बोटांना सुटेना. अंधार पडला. सगळी रात्र तो गडी पालथा पडून दगड ठोकत राहिला. हात थकला की दोर हलायचा. आन् आवाज यायचा. साईचा. मग स्वप्नालीचा. "अहो… या ना. सोपं हाय…"

उजाडलं तवा वाडीतली दोन माणसं वरनं उतरली. ठोका ऐकून आली होती. एकानं आधी सावळारामच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्यानं कोयत्यानं दोर कापला. पार घळीच्या बाहेर येईस्तवर दोघांनी अवाक्षर काढलं न्हाई. मग त्यातला म्हातारा बोलला.

"आम्ही आत बोलत न्हाई, बाबा. दोन दगड असत्यात. एक उतरणाऱ्यानं खाली न्यायचा, एक वर राहतो. पोचला की ठोका द्यायचा. त्याला हाक जमती. ठोका जमत न्हाई."

साई सापडला. कसा सापडला ते सांगत न्हाई, त्याची आई अजून आपल्या बाजाराला येती. त्या गीताबाईनं सगळ्यांदेखत जावयाच्या कानाखाली मारली. मग त्याच्याच गळ्यात पडून ओरडली, "दोर का सोडलात हो माझ्या लेकाचा?" पट्टीचा तो दगड मात्र किती शोधला तरी मिळाला न्हाई.

नोकरी सोडून सावळाराम इथं न्हावऱ्यात आला. चार गाया घेतल्या. विहिरीत मोटारीसाठी माणूस उतरला तरी हा वरनं हाक मारू देत न्हाई. लोक येडा म्हणतात. मी न्हाई म्हणत.

आता आजचं ऐका. तुम्ही त्याच्या दारातनं फिरलात, त्यानं आतनं कडी लावली. थोड्या वेळानं बाहेर वाजलं.

टक्…

टक्…

स्वप्नाली म्हणाली, "पोरं परत आली वाटतं." हा जागचा हलला न्हाई. मग तिनंच दार उघडलं. बाहेर कुणी न्हाई. उंबऱ्यावर नुसता एक दगड. तो फडक्यात गुंडाळून सावळाराम आत्ता माझ्याकडं आला होता. एवढं सांगितलं. ते फडकं माझ्या हातात दिलं, तुमच्या उभ्या गाडीकडं बोट केलं, आन् गेला.

माऊली, बॅटरी लाव. हे फडकं सोडतो मी. ही पट्टी बघ, पिवळी-काळी. आन् ही बाजू बघ, ठोकून ठोकून निम्मी झिजलीया. आत्ताचीच पांढरी भुकटी हाय हिच्यावर. कोण ठोकत असंल रं हा दगड, इतके दिवस, खाली एकटा? आन् काय सांगत असंल?

पहाटंच्या गाडीवाल्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त ह्याला एकदा हात लाव. चैत्राची उन्हं हायत, आपल्या विहिरी तळाला गेल्यात…

लाव हात. भिऊ नको.

वला हाय ना?

आन् हे फडकं धर. पिळ.