भार हलत नाही असे धरून

इटलीसमोरच्या किनाऱ्यावर, जर्जिसच्या मच्छीमारी शाळेत मी होड्यांचा तोल शिकवते, तोही संगणकातल्या समुद्रावर. मुलांना खऱ्या समुद्रावर न्यायचं तर डिझेल लागतं आणि ते शाळेकडे नसतं. मुलं तो समुद्र दाखवणारे चष्मे डोळ्यांवर चढवतात आणि सगळा वर्ग एकाच धक्क्यावर उभा राहतो. या समुद्राला प्रवाह नाही. वारा मी चालू केला तरच. होडीत ठेवायला माणसाच्या आकाराची राखाडी वजनं आहेत, पंच्याहत्तर किलोची, बिनचेहऱ्याची. जिथे ठेवाल तिथे ती चिकटून राहतात.

सप्टेंबरात निदालनं विचारलं, "उस्ताझा, नऊ मीटरच्या होडीत किती माणसं?"

"मावतील की तरतील?"

"तरतील."

"वऱ्हाड न्यायचंय त्याला," मागून गस्सान ओरडला. "नवरी इटलीत बसलीय!"

वर्ग हसला. मीही हसले, म्हणजे मला कळलं होतं. तरी मी गणित सोडवलं, कारण प्रश्न चांगला होता आणि वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून विचारला होता. फळ्यावर सवयीनं आधी लिहिलं: पाणी शांत आहे, भार हलत नाही, असे धरून. खाली उत्तर, एकतीस. निदालनं फक्त उत्तर उतरवून घेतलं.

पुढच्या गुरुवारी निदाल आणि त्याचे सोबती इटलीकडे निघाले, बिनकागदाचे, बरोबर एकतीस जण. बत्तिसावा गस्सान होता. त्याला किनाऱ्यावरून परत पाठवलं. सोमवारी वर्गात येऊन म्हणाला, "तुमच्या आकड्यानं माझी जागा खाल्ली, उस्ताझा." टोमणा होता की आभार, त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

फोन आला नाही. कुणाचाच.

निदालची आई मबरूका रोज सकाळी शाळेच्या पायरीवर येऊन बसू लागली. "तटरक्षकांना विचारलं, वकिलातीत विचारलं," ती म्हणाली. "आता तू सांग पोरी, शेवटचं काय शिकवलंस त्याला?"

"तोल."

तो फोन मलाही हवा होता. तिच्यासाठी, आणि माझ्या आकड्यासाठी. जास्त कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही.

नवव्या दिवशी, तास चालू असताना, गस्सानला संगणकातल्या बंधाऱ्यापलीकडे एक होडी दिसली.

"ही कुणी सोडली?"

कुणीच सोडली नव्हती. संगणकाच्या नोंदीत कुणाचंही नाव नव्हतं. नऊ मीटरची होडी, एकतीस वजनं. मी ती पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा होती, तीनशे मीटर ईशान्येला सरकलेली, प्रवाह नसलेल्या पाण्यात. पाण्यावर उरलेला काठ मी मोजला. चौदा सेंटिमीटर. माझ्या गणितात तो बावीस होता. त्याच्या पुढच्या दिवशी अकरा भरला.

आमचे प्राचार्य, सी लमजद, दारातूनच म्हणाले, "देणगीवाले पाहणीला येतायत. ती होडी काढून टाका, बाई."

"काढते, सर. पण ती परत येते."

"एकतीस मुलांसकट? मग निदान पाहणीपुरतं कुलूप लावा."

मबरूका पायरीवरून ऐकत होती. ते गेल्यावर ती आत आली.

"दाखव."

मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, दुसरा मी घातला. ती पाण्यावर उभी राहिली, अजिबात न दचकता, आणि होडीच्या कडेकडेनं चालत गेली. नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाला थांबली.

"हा माझा."

"खाला, ती सगळी सारखीच आहेत. चेहरे नाहीत त्यांना."

"चेहरा कशाला हवा? गुडघे कसे कवटाळून बसलाय बघ."

त्या वजनांना गुडघे नाहीत. मी वाकून पाहिलं.

होते.

मग ती वजनं हलली. सगळीच उठली आणि एकमेकांना रेटत उजव्या काठाकडे गेली, तिकडे काही दिसल्यासारखी. मी वळून पाहिलं. त्या बाजूला माझा समुद्र संपतो. तिथे नुसता कोरा रंग आहे.

होडी कलली.

भार हलला तर किती जण तरतील, हे गणित मी कधी केलंच नव्हतं. तिथे उभ्या उभ्या केलं.

नऊ.

"खाली बसा रे!" मबरूका ओरडली. "मधे बसा, बाळांनो, मधे!"

मी चष्मा ओढून काढला. पडद्यावर पाणी सपाट होतं. वर्गात मबरूका दोन्ही तळहातांनी हवेत काहीतरी रेटत होती.

मग तिचे हात खाली आले.

तिची मान हळूहळू वाकत गेली, काहीतरी खाली खाली जाताना बघत असल्यासारखी, पार फरशीकडे.

तिनं चष्मा टेबलावर जपून ठेवला. "इतके दिवस घरात कुणाला रडू दिलं नाही मी," ती म्हणाली. "आता देते."

संध्याकाळी तिच्या दारात शोकाला आलेल्यांसाठी खुर्च्या मांडल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पायरीपासून फाटकापर्यंत बायका बसल्या होत्या. चष्मा कसा घालायचा, एवढंच पहिलीनं विचारलं.

मी संगणक सुरू केला. होडी बंधाऱ्यापलीकडे परत आली होती, सरळ, शांत पाण्यावर. नाळेपाशी एक जागा रिकामी होती. बाकीची वजनं मी मोजली. तीस.

बाहेरच्या बायका मोजायची गरज नव्हती.