ओल्या पॉलिशवर पाय

चपला राहू द्या पायात. अहो, राहू द्या म्हणतो ना! एवढी चकचकीत जमीन बघून सगळेच काढायला वाकतात. या, इकडच्या खुर्चीत बसा.

घरची लाकडी जमीन झिजलीये, उखडून नवी टाकू की घासून घेऊ, हेच विचारायला आलात ना? घासून घ्या. फळ्या जाड असतील, कुजल्या नसतील, तर उखडायचं काही कारण नाही. चाळीस वर्षं हेच सांगत आलो. मशीननं घासायची, फटींत भुसा आणि सरस भरायचा, वर पॉलिशचे तीन हात मारायचे. काम संपलं की गिऱ्हाइकाला म्हणायचो, "डोळे मिटून अनवाणी चाला. कुठं टोचलं तर माझ्या थोबाडीत मारा." कुणालाही कधी टोचलं नाही.

टोचलं ते माझ्याच घरात.

तेव्हा ही खोली अशी नव्हती. फळ्या करड्या पडलेल्या, कडा सुटलेल्या. बायको म्हणायची, "जगाच्या जमिनी आरशासारख्या करता, आणि आपल्या घरात मी चोरासारखी पाय टाकते." मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात नक्की!" दिवसभर दुसऱ्याच्या घरी गुडघ्यांवर रांगून आलं की स्वतःच्या घरात मशीन लावायचा कंटाळा यायचा. आळस हो, दुसरं काय!

एके दिवशी तिच्या डाव्या तळव्यात फळीचं कुसळ घुसलं. त्यात तिला साखरेचा त्रास. डॉक्टरांनी चिरून पाहिलं, कुसळ काही सापडलं नाही. जखम चिघळत गेली. तरी लग्नापासूनच्या सवयीनं रोज संध्याकाळी ती पलंगावरून उठायची, पाय ओढत खिडकीपर्यंत जायची आणि माझी वाट बघत उभी राहायची. मला जिन्यातच ऐकू यायचं... एक पाऊल, मग फरफट. एक पाऊल, मग फरफट. पाचव्या महिन्यात विष अंगभर भिनलं आणि ती गेली. लोक म्हणतात, साखरेनं गेली. म्हणू देत. माझ्यामुळे गेली.

लेक म्हणाली, "बाबा, या फळ्या माझ्या डोळ्यांसमोर नकोत. उखडून टाका."

"लाकडाचा काय दोष गं? मी घासतो ना."

"आता?" ती एवढंच म्हणाली. माझं काळीज चिरत गेलं.

दुसऱ्याच दिवशी खोली रिकामी केली, पलंगसुद्धा बाहेर काढला. आमच्या कामात घासण्याआधी फळ्यांवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढतात. रेघा पुसल्या गेल्या की समजायचं, जमीन सपाट झाली. सगळीकडच्या गेल्या. खिडकीपाशी तेवढ्या राहिल्या. मशीन वरून फिरत होतं आणि खाली पोचत नव्हतं, कारण तिथं खळगा होता. दोन पावलांएवढा. इतकी वर्षं ती तिथं उभी राहिली, आणि मला कधी दिसलं नव्हतं हो! दुसऱ्याचं घर असतं तर मी अख्खी खोली तेवढी खाली घासली असती. इथं हात धजेना. त्या खळग्यात तळवा ठेवून ढसाढसा रडलो. मग साध्या पॉलिशपेपरनं हलक्या हातानं तो साफ केला आणि तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा हात मारला. खिडकीपासून मागं सरकत सरकत दारातून बाहेर आलो, कुलूप लावलं आणि जिन्यात बसलो. शेवटचा हात पूर्ण दिवस वाळू द्यावा लागतो, तोवर माशीसुद्धा बसता कामा नये.

चारचा सुमार. बाहेर लख्ख ऊन. दाराच्या फटीतून पॉलिशचा उग्र वास येत होता. हळूहळू त्या वासात दुसरा एक वास मिसळला... तिच्या जखमेच्या पिवळ्या मलमाचा. मी श्वास रोखला.

आत एक पाऊल वाजलं. मग फरफट.

जिथं पलंग असायचा तिथून निघालं होतं. पाऊल... फरफट... खिडकीच्या दिशेनं. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? मेली चाळीस वर्षांची सवय! मी खेकसलो, "अगं ए! ओलं आहे! पाय नको ठेवूस!"

आवाज थांबला. मग दाराच्या अगदी पलीकडून, दबक्या आवाजात...

"अजून नाही झालं...?"

घाईघाईनं कुलूप काढलं. दार उघडलं तर खोली रिकामी. पॉलिशवर ओरखडासुद्धा नाही. तिला एकदा बघायला जीव तुटत होता माझा, आणि ती आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. कशासाठी, तर पॉलिशसाठी!

दुसऱ्या दिवशी जमीन वाळली. नेहमीसारखा डोळे मिटून अनवाणी चाललो. कुठंही टोचलं नाही. खिडकीशी डोळे उघडले, तर खळग्यात एक कुसळ पडलेलं. नखाएवढं, करडं, एका टोकाला काळपट आणि ओलसर. करडं लाकूड तर मी सगळं घासून काढलं होतं. उचललं, हुंगलं, तर त्याला मलमाचा वास. काड्यापेटीत घालून कोनाड्यात ठेवलं. सकाळी पाहतो तर पेटी रिकामी आणि कुसळ परत खळग्यात. असं रोज व्हायला लागलं. रोज उचलायचो, रोज ठेवायचो. आवाज मात्र पुन्हा आला नाही. मी संध्याकाळी याच खुर्चीत कान देऊन बसायचो.

काल आला.

पाऊल... फरफट... मी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? आवाज दारातून निघाला आणि मध्येच थांबला. परवानगी मागावी तसा. कसंबसं म्हणालो, "झालं गं. वाळलंय सगळं. ये."

आवाज खिडकीकडे गेला नाही. माझ्या खुर्चीकडे वळला, अगदी जवळ आला आणि थांबला.

आज सकाळी पाहिलं, पेटीत कुसळ नाही. खळग्यातही नाही. जमिनीचा इंच अन् इंच हातानं चाचपला. म्हणून म्हटलं, तुमच्या चपला राहू द्या. पण तुम्हाला तशी भीती नाही बहुतेक. मी उठल्यापासून डाव्या तळव्यात टोचतंय, आणि वर काही दिसत नाही.

लेकीला सांगू नका. ती डॉक्टरकडे नेईल, आणि ते काढतील.